शंट आणि मेंदूच्या पाण्याची गळती: क्वचित होणारा त्रास घरच्यांनी कसा ओळखावा

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिचं पोट दुखायला लागलं. पहिल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी पोट साफ होण्याचं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती म्हणाली, "आई, स्कर्टचा हुक लागत नाही." हात लावून बघितलं तर बेंबीच्या उजव्या बाजूला मऊ, गोल, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं काहीतरी लागलं. सोनोग्राफी केली. मेंदूतलं पाणी पोटात सोडणाऱ्या नळीच्या टोकाभोवती पाण्याची गाठ झाली होती. त्या तीन आठवड्यांत तिचं डोकं एकदाही दुखलं नव्हतं, एकही उलटी नव्हती. त्यामुळे शंटचा, म्हणजे त्या नळीचा, विचार माझ्या मनात आला नाही. पहिल्या दोन्ही दवाखान्यांत "हिला शंट आहे" हे वाक्य मी बोललेच नाही.

त्या दोन डॉक्टरांचा मला राग नाही. मी सांगितलं असतं तर त्यांनी पोटाची सोनोग्राफी पहिल्याच दिवशी करायला लावली असती.

शंटचे नेहमीचे बिघाड डोक्याशी दिसतात आणि डिस्चार्जच्या वेळी ते सगळे समजावून सांगतात. क्वचित होणारे बिघाड मात्र डोक्यापासून लांब दिसतात. पोटात, जांघेत, छातीत, शौचाच्या जागी, कधी नाकात. तिथलं दुखणं घेऊन आपण तिथल्याच डॉक्टरांकडे जातो आणि वेळ जातो. मी डॉक्टर नाही. चौदा वर्षांत न्यूरोसर्जरीच्या ओपीडीत बसून, प्रश्न विचारून आणि वाचून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे. आपलं काम लवकर ओळखण्याचं आणि नीट सांगण्याचं.

आधी पाण्याचा रस्ता समजून घ्या

मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूभोवती स्वच्छ, पारदर्शक पाणी असतं. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसात ते एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं, म्हणजे चहाच्या एका मोठ्या कपाएवढं. पण दिवसाला तयार होतं सुमारे ५०० मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा जुनं पाणी शोषलं जाऊन नवं येतं. हे शोषणं किंवा वाहणं अडलं की मेंदूच्या आतल्या पोकळ्या फुगतात. यालाच आपण डोक्यात पाणी होणं म्हणतो. कारणं अनेक: जन्मतः पाठीवर गाठ असणं (माझ्या मुलीचं हेच), कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव, मेंदूतली गाठ, आणि आपल्याकडे आजही मोठं कारण म्हणजे टीबीचा मेंदूज्वर.

शंट म्हणजे या पाण्याला काढून दिलेली दुसरी वाट. एक नळी मेंदूच्या पोकळीत, कानामागे किंवा डोक्यावर कातडीखाली एक व्हॉल्व्ह, आणि तिथून मानेवरून, छातीवरून कातडीखालूनच पोटात उतरणारी लांब नळी. अशा शंटला व्हीपी शंट म्हणतात. जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. मूल वाढणार म्हणून पोटात नळीचं बरंच वेटोळं जादा सोडलेलं असतं.

या व्हॉल्व्हमागे एका बापाची धडपड आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जॉन होल्टर हे अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ मशीनवर काम करणारे कारागीर. १९५५ साली जन्मलेल्या त्यांच्या मुलाला, केसीला, पाठीच्या गाठीबरोबर डोक्यात पाणी होतं. डॉक्टर यूजीन स्पिट्झ यांच्याकडून अडचण समजून घेऊन होल्टर यांनी सिलिकॉनचा, एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह बनवला आणि १९५६ पासून तो वापरात आला. आपल्याकडच्या अनेक सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत जो छाब्रा शंट बसवतात तो उत्तर प्रदेशातल्या शाहजहांपूरला तयार होतो. "स्वस्तातला शंट टाकला म्हणून बिघडला का?" हा प्रश्न वॉर्डात प्रत्येक आई कधी ना कधी विचारते. डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातल्या मुलांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये आला. सुमारे ३५ डॉलरचा छाब्रा शंट आणि ६५० डॉलरचा परदेशी शंट यांत वर्षभरानंतर फरक दिसला नाही. हे वाचल्यावर मला त्या रात्री शांत झोप लागली होती.

बिघाड मात्र सगळ्याच शंटमध्ये होतो. लहान मुलांत पहिल्या दोन वर्षांत जवळपास निम्मे शंट दुरुस्त करावे लागतात. तेव्हा तयारीत राहणं हा रोजच्या संसाराचाच भाग धरायचा.

पहिलं पाऊल: एक कागद तयार करा

डिस्चार्ज कार्ड फाइलमध्ये असतं, फाइल कपाटात असते आणि त्रास होतो तो प्रवासात. म्हणून एका जाड कागदावर पुढच्या गोष्टी लिहून त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा: शंट कोणत्या कारणासाठी टाकला, कोणत्या बाजूला, नळीचं खालचं टोक कुठे आहे (पोटात की हृदयात), व्हॉल्व्हचं नाव, तो ठरावीक दाबाचा आहे की बाहेरून दाब बदलता येणारा, बदलता येणारा असेल तर सध्याचं सेटिंग, आणि आतापर्यंतच्या प्रत्येक ऑपरेशनची तारीख. व्हॉल्व्हच्या डब्यावरचं स्टिकर बहुतेक वेळा केसपेपरवर चिकटवलेलं असतं. घरी निघण्यापूर्वी सिस्टरकडे मागून त्याचा फोटो काढून घ्या.

पाठीच्या गाठीची मुलं असतील तर एक ओळ वाढवा, लॅटेक्सची म्हणजे रबराची ॲलर्जी आहे का. या मुलांना वारंवार ऑपरेशनं आणि कॅथेटर यांमुळे ही ॲलर्जी इतरांपेक्षा बरीच जास्त होते, आणि साधा फुगाही त्रास देऊ शकतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मूल पूर्ण बरं असतानाचं एक सीटी किंवा एमआरआय आणि डोक्यापासून पोटापर्यंतच्या नळीचे एक्स-रे जपून ठेवा, सीडीसकट. काही मुलांच्या पोकळ्या बरं असतानाही मोठ्याच राहतात, काहींच्या चिरेसारख्या बारीक होतात. नवीन डॉक्टर नुसतं आजचं चित्र बघून "पोकळ्या तर बारीक आहेत, शंट चालू आहे" म्हणू शकतात. जुनं चित्र शेजारी ठेवलं की फरक दिसतो. आणि ज्यांच्या पोकळ्या बारीक आणि ताठ झाल्या आहेत त्यांच्यात नळी बंद पडूनही पोकळ्या फुगत नाहीत, हे लक्षात ठेवा. अशा वेळी सीटी नॉर्मल आला तरी मूल नॉर्मल असेलच असं नाही.

दुसरं पाऊल: आठवड्यातून एकदा बोट फिरवा

आमच्याकडे हे रविवारच्या आंघोळीला होतं. साबणाच्या हाताने कानामागून सुरुवात करायची. व्हॉल्व्हचा उंचवटा, मग मानेच्या बाजूने उतरणारी नळी, कॉलरच्या हाडावरून छाती, बरगड्यांवरून पोटावरची जुनी खूण. साबण असला की बोट अडकत नाही आणि कातडीखालची दोरी अखंड लागते. पाचसहा रविवारांत हाताला तो रस्ता पाठ होतो. मग वेगळं काही असेल तर बोट आपोआप थांबतं.

कशासाठी थांबायचं? नळीच्या रेषेवर लाली, गरमपणा किंवा सूज. व्हॉल्व्हवरची कातडी पातळ, चकचकीत होणं. टाक्यांच्या जागी ओलावा. व्हॉल्व्हभोवती किंवा मानेत कातडीखाली पाण्याची पिशवी. आणि दोरी मध्येच तुटल्यासारखी वाटणं. जुनी नळी वर्षांनुवर्षांत कॅल्शियम साचून खडूसारखी कडक होते, मूल उंच होताना ताणली जाते आणि बहुधा मानेत तुटते. गंमत म्हणजे तुटल्यावरही काही दिवस, कधी काही महिने, पाणी नळीभोवती तयार झालेल्या आवरणातून वाहत राहतं. मूल ठीक असतं, आणि मग एक दिवस ती वाट बंद होते. वयात येणाऱ्या मुलांनी "मान ओढल्यासारखी वाटते" म्हटलं की व्यायामाचं कारण न लावता एक्स-रे काढून घ्या.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत ड्रेसिंग ओलं दिसलं तर घरी बदलून स्वस्थ बसू नका. जखमेतून पाणी झिरपत राहिलं तर जंतुसंसर्गाचा धोका खूप वाढतो. त्याच दिवशी दाखवा.

व्हॉल्व्ह दाबून "चालू आहे का" बघण्याची सवय काही घरांत असते. तुमच्या सर्जननी मुद्दाम सांगितलं नसेल तर दाबू नका. त्यातून खात्रीचं काही कळत नाही.

तिसरं पाऊल: नेहमीचं आधी वगळा

हे थोडक्यात, कारण हे सगळ्यांना सांगितलेलं असतं. सकाळची डोकेदुखी, उलट्या, झोपाळूपणा, डोळे खाली वळणं, बाळाची टाळू फुगणं, फिट येणं, चालण्यात फरक. यांपैकी काही असेल तर वाट बघायची नाही. झोपाळू झालेल्या मुलाला "झोपू दे, थकलंय" म्हणून सोडायचं नाही.

संसर्ग बहुतेक करून पहिल्या सहा महिन्यांत होतो. त्यातला क्वचित पण फसवा प्रकार म्हणजे फार हळू वाढणाऱ्या जंतूंचा. ताप नसतो, मूल फक्त मरगळलेलं असतं, नळी पुन्हा पुन्हा बंद पडते. हे जंतू दोन-तीन दिवसांच्या तपासणीत उगवत नाहीत. शंट वारंवार बिघडत असेल तर "पाण्याचं कल्चर दहा ते चौदा दिवस ठेवता येईल का?" हे विचारा. हा प्रश्न मला एका रेसिडेंट डॉक्टरांनीच शिकवला.

चौथं पाऊल: डोक्यापासून लांब बघा

इथे मी थांबून, सविस्तर लिहिते.

*पोटातली पाण्याची गाठ.* नळीच्या टोकाभोवती पडदा तयार होतो आणि मेंदूचं पाणी शोषलं न जाता तिथे साठतं. पोट दुखतं, एका बाजूला फुगतं, भूक मरते, कपडे कमरेला घट्ट होतात. डोक्याची लक्षणं उशिरा येतात किंवा येतच नाहीत. मागे बऱ्याचदा संसर्ग लपलेला असतो, म्हणून नुसतं पाणी काढून भागत नाही. नळीचं टोक बाहेर काढून, पाणी काही दिवस बाहेरच्या पिशवीत घेऊन, संसर्ग नाही याची खात्री झाल्यावर नवी नळी टाकतात. माझ्या मुलीला यात सतरा दिवस लागले. शंट असलेल्या मुलाचं पोट दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त दुखलं तर सोनोग्राफी करून घ्या, आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर "शंट आहे, नळीच्या टोकाजवळ बघावे" असं लिहून घ्या.

*साधं बद्धकोष्ठ.* पोट मळाने गच्च भरलं की पोटातला दाब वाढतो आणि वरून येणाऱ्या पाण्याला उतरायला जागा राहत नाही. मग शंट बंद पडल्यासारखीच डोकेदुखी आणि उलट्या. पाठीच्या गाठीच्या मुलांना बद्धकोष्ठ जन्माचंच असतं, त्यांच्या आयांनी हे जास्त लक्षात ठेवावं. पोट साफ झाल्यावर त्रास गेला असं अनेकदा होतं. पण "बद्धकोष्ठच असेल" हा निष्कर्ष घरी काढायचा नाही, शंट तपासल्यावर डॉक्टरांनी काढायचा.

*शौचाच्या जागेतून नळी बाहेर येणं.* हे वाचून अंगावर काटा येतो, पण हे घडतं, आणि घडतं तेव्हा आई घरात एकटी असते. नळीचं टोक हळूहळू आतड्याची भिंत भेदून आत शिरतं आणि शौचाच्या वेळी पांढरी बारीक नळी बाहेर दिसते. अनेक मुलांत तोवर पोट दुखलेलंही नसतं, मूल खेळत असतं. घरच्यांना तो जंत वाटतो. ओढायला हात जातो. ओढू नका. कापू नका. आत ढकलू नका. टोक स्वच्छ ओल्या गॉजमध्ये किंवा धुतलेल्या मऊ कापडात गुंडाळा, त्यातून पाण्याचे थेंब पडताहेत का ते बघून ठेवा आणि त्याच दिवशी न्यूरोसर्जरी असलेल्या रुग्णालयात जा. मूल खेळतंय म्हणून उद्यावर टाकू नका, कारण आतड्यातले जंतू आता नळीच्या वाटेने मेंदूपर्यंत जाऊ शकतात. तिथे नळी वरच्या बाजूला, पोटाच्या भिंतीजवळ कापतात आणि खालचा तुकडा खालूनच बाहेर काढतात, म्हणजे घाण झालेला भाग स्वच्छ रस्त्यातून परत फिरत नाही. असाच प्रकार बेंबीतून, क्वचित योनीमार्गातून किंवा तोंडातूनही झालेला आहे. नियम सगळीकडे तोच.

याचा एक उलटा धागाही आहे. शंट असलेल्या मुलाला मेंदूज्वर झाला आणि पाण्यात आतड्यात राहणारे जंतू सापडले, तर नळीने आतडं भेदलंय का हे बघावं लागतं, पोट कितीही मऊ असलं तरी.

*जांघ आणि वृषणाची पिशवी.* तान्ह्या मुलग्यांत पोटातून वृषणाकडे जाणारा मार्ग काही काळ उघडा असतो. पोटात पाणी वाढलं की त्यातून हर्निया होतो, पिशवीत पाणी भरतं, आणि क्वचित नळीचं टोकच त्यात उतरतं. लंगोट बदलताना एका बाजूची पिशवी अचानक मोठी दिसली तर बालशल्यचिकित्सक आणि न्यूरोसर्जन दोघांना दाखवा. हर्नियाचं ऑपरेशन करणाऱ्याला शंट माहीत नसणं बरं नाही.

*छाती.* फार क्वचित नळीचं टोक छातीच्या पोकळीत जातं, किंवा पाणी फुप्फुसाभोवती साठतं. खोकला, धाप, आडवं झाल्यावर श्वास अपुरा पडणं. न्यूमोनियाच्या उपचाराने फरक पडत नाही तेव्हा छातीचा एक्स-रे नळीचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून पुन्हा बघायला सांगा. मानेतल्या शिरेत शिरून नळी हृदयाकडे ओढली गेल्याच्याही नोंदी आहेत.

*लघवी.* ज्यांच्या नळीचं टोक पोटाऐवजी हृदयात सोडलेलं आहे त्यांच्यासाठी हे. बारीक संसर्ग महिनोन्महिने, कधी वर्षांनुवर्षं रक्तात झिरपत राहिला तर मूत्रपिंडाला सूज येते. फेसाळ किंवा लालसर लघवी, चेहऱ्यावर सूज, अधूनमधून ताप. शंट काढून संसर्ग गेला की मूत्रपिंड बऱ्याचदा सावरतं, पण त्यासाठी लघवी तपासणाऱ्याला शंट माहीत असायला हवा.

पाचवं पाऊल: चुंबक आणि इतर ऑपरेशनं

व्हॉल्व्हचा दाब बाहेरून बदलता येणारा असेल तर तो चुंबकानेच बदलतात. म्हणजे दुसरं चुंबकही बदलू शकतं. चुंबकाची खेळणी, हेडफोन, मागे चुंबक असलेले मोबाइल आणि टॅबलेटची कव्हरं व्हॉल्व्हपासून निदान पाच सेंटिमीटर लांब. चुंबकाच्या उशा आणि पट्टे घरात आणूच नका. एमआरआय झाल्यावर सेटिंग त्याच दिवशी तपासून घ्यायचं, अगदी गुडघ्याचा एमआरआय असला तरी. ठरावीक दाबाच्या व्हॉल्व्हला ही काळजी नाही.

अपेंडिक्स, पित्ताशय, सिझर, दुर्बिणीने होणारं पोटाचं कोणतंही ऑपरेशन: आधी न्यूरोसर्जनशी बोलणं व्हावं. शंट असलेल्या बाईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोटातला दाब वाढून त्रास होऊ शकतो. डोकं दुखलं की फक्त बीपी बघून थांबायचं नाही, शंटही बघायला सांगायचं.

सहावं पाऊल: नाकातून पाणी येतंय का?

आता गळती. डोक्याला मार लागल्यावर, सायनसच्या किंवा पिट्यूटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) ऑपरेशननंतर, आणि कधी काहीही न होता, कवटीच्या तळाला बारीक छिद्र पडून मेंदूचं पाणी नाकात उतरतं. आपोआप होणाऱ्यांत वजन जास्त असलेल्या मध्यम वयाच्या बायका अधिक असतात, कारण त्यांच्या डोक्यात अनेकदा आधीपासून दाब वाढलेला असतो. वर्षानुवर्षं "ॲलर्जीची सर्दी" म्हणून गोळ्या चालू राहतात.

सर्दीत आणि यात फरक असा: पाणी एकाच नाकपुडीतून येतं, नळाच्या थेंबासारखं स्वच्छ असतं, केर काढताना किंवा बूट बांधताना वाकलं की पटकन टपकतं, घशात खारट चव येते. रुमालावर वाळलं तर सर्दीच्या शेंबडासारखं कडक होत नाही. रक्तातली साखर मोजायच्या पट्टीने हे पाणी घरी तपासून त्यावर विश्वास ठेवू नका. खरी तपासणी बीटा-टू ट्रान्सफेरिनची, म्हणजे मेंदूच्या पाण्यात सापडणाऱ्या एका प्रथिनाची. स्वच्छ बाटलीत थोडं पाणी जमवून, झाकण घट्ट लावून, फ्रिजमध्ये ठेवून कानानाकाच्या डॉक्टरांकडे न्या.

घरी काय पाळायचं: नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, कुंथायचं नाही, डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. घोरण्यासाठी रात्री हवेचं मशीन लावत असाल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, विमानप्रवासही विचारून. मार लागल्यानंतरची गळती बहुतेक वेळा आठवड्याभरात थांबते. न थांबल्यास दुर्बिणीने नाकातूनच छिद्र बुजवतात. तोवरचा मोठा धोका मेंदूज्वराचा. न्यूमोकोकसच्या, म्हणजे मेंदूज्वर करणाऱ्या एका जंतूच्या, लशीबद्दल विचारा.

क्वचितचं इथेही आहे. ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने हवा आत जाते. नाक शिंकरल्यावर एकदम तीव्र डोकेदुखी, आणि मान हलवली की डोक्यात पाणी हिंदकळल्याचा आवाज, ही डोक्यात हवा साठल्याची खूण आहे. तातडीने जा. शंट असलेल्या माणसात हे जास्त धोक्याचं, कारण शंट खालून पाणी ओढत राहतो आणि वरून हवा आत येते.

आणि याच्या उलट: शंट असलेल्याच्या नाकातून अचानक पाणी येऊ लागलं तर शंट बंद पडला असेल. दाबाने स्वतःची वाट शोधलेली असते. अशा वेळी डोकं दुखेलच असं नाही, कारण दाब नाकावाटे मोकळा होतोय. छिद्र बुजवलं आणि शंट तपासलाच नाही तर दाब वाढतो किंवा गळती दुसरीकडून सुरू होते.

सातवं पाऊल: पाठीतली गळती, आणि घड्याळाकडे बघणं

कण्यात भूल दिल्यावर किंवा पाठीतून पाणी तपासायला काढल्यावर सुई गेलेल्या छिद्रातून पाणी झिरपत राहतं. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी कण्यातल्या भुलीचा प्रयोग स्वतःवर करून घेतला आणि नंतर कित्येक दिवस डोकेदुखीने अंथरुणावर होते. आडवं पडलं की बरं वाटतं, हे त्यांनीच लिहून ठेवलं. आजही निदानाची किल्ली तीच. उठून बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर काही मिनिटांत डोकं, मान दुखू लागते आणि आडवं झालं की उतरते.

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त दिसतं बाळंतिणीत. सिझरनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, आणि घरात म्हणतात वारं लागलं, कान बांधा, शेगडी जवळ घ्या. माझ्या नणंदेला असंच झालं. बाळाला पाजायला बसली की डोकं धरायची, आडवी झाली की हसायची. चौथ्या दिवशी मी वहीत दोन रकाने केले, बसल्यावर आणि झोपल्यावर, आणि दर दोन तासांनी दहापैकी आकडा लिहिला. ती वही बघून भुलीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत ओळखलं. बहुतेकांची ही डोकेदुखी आराम, पाणी आणि गोळ्यांनी दोन आठवड्यांच्या आत जाते. नाही गेली तर रुग्णाचंच पंधरा-वीस मिलिलिटर रक्त घेऊन ते पाठीत त्या जागी सोडतात. त्याने छिद्रावर खपली धरते.

क्वचितचं कुठलं? डोकेदुखीचं ते घड्याळ बदलणं. आधी आडवं पडल्यावर थांबत होती, आता आडवं पडूनही थांबत नाही, तर मेंदूभोवती रक्त साठलं असेल किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी झाली असेल. बाळंतपणानंतर ही गुठळी होण्याची शक्यता मुळातच जास्त असते. एकाची दोन दिसणं, फिट, हातपाय जड पडणं, ग्लानी: यांपैकी एकही असेल तर त्याच तासाला एमआरआय असलेल्या रुग्णालयात.

सुई न लागताही पाठीत गळती होते. मणक्याच्या चकतीजवळचं हाडाचं टोक मज्जारज्जूच्या आवरणाला चीर पाडतं, किंवा पाणी थेट शिरेत जाऊ लागतं. या शेवटच्या प्रकाराचं वर्णन २०१४ मध्ये झालं, म्हणून अनेक ठिकाणी अजून तो पटकन डोक्यात येत नाही. पाचातल्या एखाद्या रुग्णाचा मेंदूचा एमआरआय अगदी नॉर्मल येतो. फार दिवस चाललेल्या गळतीत मेंदू खाली ओढला जाऊन माणसाचा स्वभाव बदलतो, तो सुस्त, बेफिकीर होतो, घरच्यांना स्मृतिभ्रंश वाटतो. काहींना वर्षांनी ऐकू कमी येतं आणि तोल जातो. अशा माणसाला कधी काळी उभं राहिल्यावर डोकं दुखायचं का, हे घरच्यांनी आठवून सांगायचं.

गळती बुजवल्यावर डोकेदुखी उलटी फिरू शकते. आता झोपल्यावर वाढते, डोळ्यांमागे दुखते, नजर धूसर होते. पुन्हा रक्त सोडायची घाई करू नका. दाब आता वाढलेला असतो आणि त्यावर औषधं वेगळी आहेत.

आठवं पाऊल: रुग्णालयाच्या दारात काय बोलायचं

महाराष्ट्रात १०८ ला फोन करा आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी न्यायला सांगा. निघताना काही भरवू नका, शेवटचं कधी खाल्लं ती वेळ लिहून ठेवा. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य आजाराचं नको, शंटचं हवं: "हिला उजव्या बाजूला व्हीपी शंट आहे, शेवटचं ऑपरेशन अमुक साली. आज ती नेहमीसारखी नाही. कृपया न्यूरोसर्जनना कळवा." मग कागद आणि जुनी सीडी पुढे करा. सीटीबरोबर नळीचे एक्स-रेही मागा, कारण तुटलेली किंवा सरकलेली नळी डोक्याच्या सीटीत दिसत नाही. "नेहमीसारखी नाही" म्हणजे काय ते ठोस सांगा. रोज पाढे म्हणते, आज सातचा पाढा अडतोय. आईला जाणवलेला फरक हे लक्षणच आहे, आणि चांगले डॉक्टर ते लिहून घेतात.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. रविवारचं बोट ती स्वतः फिरवते, कागदाची घडी तिच्या कंपासपेटीत असते. गेल्या महिन्यात शाळेची सहल होती. बसमध्ये चढताना तिने त्या कागदाची झेरॉक्स बाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "बाई, मला उलटी झाली तर गाडी लागली असं समजू नका. आधी आईला फोन करा."